परेराबाबूंविरुद्धचा अर्ज

मी अर्जनवीस होतो. हा शब्द आता माझ्या नातवंडांनाही समजावून सांगावा लागतो. सौंसरच्या कचेरीच्या आवारात, पिंपळाच्या पाराला लागून आम्ही चार-पाच जण चटया टाकून बसत असू. प्रत्येकापुढे उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, तिच्यावर कागद, दौत आणि टाक. ज्याला लिहिता येत नाही, किंवा लिहिता येतं पण साहेबापुढे काय लिहावं ते कळत नाही, तो आमच्यापुढे येऊन उकिडवा बसे. आम्ही त्याचं ऐकायचं, त्यातलं कामाचं वेगळं काढायचं आणि कागदावर उतरवायचं. घर पांढुर्ण्याला आणि पोट सौंसरला, अशी माझी पस्तीस वर्षं सकाळ-संध्याकाळच्या मोटारीत गेली. गावात मला नावानं कोणी ओळखत नव्हतं. मी सगळ्यांचा मुनशीजी.

ह्या कामाला सरकारी परवाना लागे आणि त्याचे नियम साधे होते. अर्जदार सांगेल तेच लिहायचं. लिहून झालं की त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं. आणि अर्जाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, लिहिणाऱ्यानं आपलं नाव आणि परवान्याचा नंबर टाकायचा. म्हणजे उद्या काही वाकडं निघालं तर साहेबाला विचारता येईल, हे कोणी लिहिलं?

ह्या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे गमतीचे अनुभव मागितले होते. तसे पुष्कळ आहेत. तिगावची एक बाई आली होती. नवरा रेल्वेत पॉइंट्समन, कायम रात्रपाळीला. म्हणाली, "मुनशीजी, माह्या नवऱ्याले दिवसाची पाळी पाहिजे. पोरगं बापाले ओळखत नाही. पाहुणा समजते." मी अर्ज असा लिहिला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. नवऱ्याला दिवसपाळी मिळाली. तीन आठवड्यांनी बाई पुन्हा हजर. "आता पुन्हा रातची द्या म्हणा. दिवसभर घरात बसून माह्या सैपाकाले नावं ठेवून राहिला." तोही अर्ज मी लिहिला आणि तोही मंजूर झाला. माझ्या लेखणीचा त्या काळी असा लौकिक होता आणि मला त्याची चांगलीच जाणीव होती.

अशा आठवणींनी पानं भरता आली असती. लिहायला बसलो तेव्हा मात्र दर वेळी तेच एक माणूस पुढे येऊन उभं राहिलं. तेव्हा आता त्याचंच लिहितो.

इनास परेरा हे पांढुर्णा स्टेशनचे मालबाबू. मालगाडीनं जाणाऱ्या-येणाऱ्या मालाची नोंद करणारा, वजन पाहणारा, पावती फाडणारा तो मालबाबू. हे मूळचे वसईकडचे, पण ऐन विशीत रेल्वेत लागून आमच्या लाइनीवर आले आणि इथलेच झाले. संत्र्याच्या दिवसांत यार्डात पेट्यांचे डोंगर लागत. बागाईतदारांना आपली पेटी आधी चढावी असं वाटे, त्यासाठी ते नाना युक्त्या करत. परेराबाबूंच्या पुढे कोणाची मात्रा चालत नसे. आलेल्या बैलगाड्यांच्या क्रमानं ते नंबर देत आणि पाटील असो की मजूर, नंबर सोडून हात लावू देत नसत. त्यामुळे त्यांना मानणारे पुष्कळ होते आणि त्यांच्यावर मनात धरून बसलेलेही काही होते.

निवृत्त झाल्यावर पोरं म्हणाली वसईला चला. ते गेले नाहीत. स्टेशनच्या पलीकडे, माल यार्डाच्या भिंतीला लागून त्यांनी एक जागा घेतली होती, तिथे दोन खोल्या बांधल्या. बायको रोझबाई, आणि धाकटी मुलगी फिलोमिना, जिला सगळे फिलू म्हणत. थोरल्या दोघी लग्न होऊन गेल्या होत्या, मुलगा आमल्याला रेल्वेतच होता. नातवंडं सुट्टीत आली की म्हातारा त्यांना ओळीनं बसवून नखं कापायचा, त्यांच्या चपला शिवून आणायचा. संसारी माणूस होता. पण घराच्या बाजूला त्यानं तिसरीही एक खोली बांधली होती, पत्र्याची, पुढे लहानसा ओटा, आणि त्याचा जीव तिथे होता.

ते तिला देऊळ म्हणत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो. म्हटलं, "बाबू, देऊळ आमचं, तुमचं ते गिरजाघर." ते म्हणाले, "मुनशीजी, आमच्याकडे वसईत सगळे देऊळच म्हणतात. माझी आई म्हणायची, आजी म्हणायची. देवाचं घर ते देऊळ. मला दुसरा शब्द तोंडात येतच नाही."

महिन्यातून एका रविवारी नागपूरहून पॅसेंजरनं फादर येत. त्या दिवशी परेराबाबू इस्त्रीचा पांढरा कोट घालून तासभर आधी फलाटावर जाऊन उभे राहत. बाकीच्या रविवारी ते स्वतःच प्रार्थना म्हणत, वाचन करत. येणारी माणसं किती? गँगमनांची दोन-तीन कुटुंबं, एक केबिनमन, दवाखान्यातली नर्स. सगळी आधीपासूनचीच ख्रिस्ती, बदलीनं ह्या लाइनीवर आलेली. ह्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे, लग्नं, आजारपणं, सगळं परेराबाबू बघत. खोली झाडणं, मेणबत्त्यांचे ओघळ खरवडणं, पत्रा गळला तर वर चढून डांबर लावणं, हे सगळं तेच. रोझबाई चेष्टेनं म्हणत, "ह्यांनी माझा संसार मालगाडीनं चालवला आणि देऊळ मेलनं."

गँगमनांच्या वस्तीत हिवताप असे. रेल्वेच्या दवाखान्यातून मिळणाऱ्या कडू गोळ्या लहान मुलं थुंकून टाकत. म्हणून परेराबाबू खिशात गुळाचे खडे ठेवत. गोळी गिळली की गूळ. हिंदू पोरं, मुसलमान पोरं, सगळी त्यांच्या मागे असत. हे मला त्यांनीच सांगितलं होतं. त्यांच्या ओट्यावर बसून संध्याकाळचा चहा घेण्याचा माझा नेम होता आणि त्यांच्या पोटात काही राहत नसे.

आमचा घरोबा कसा झाला तेही सांगायला हवं. माझी बायको दुसऱ्या खेपेला अडली. भरदुपारची वेळ. सुईणीनं हात टेकले, गावच्या डॉक्टरनं नागपूरला न्या म्हणून सांगितलं. पॅसेंजरला चार तास होते. मी स्टेशनवर नुसता वेड्यासारखा फिरत होतो. परेराबाबू तेव्हा नोकरीत होते. त्यांनी काही न विचारता मालगाडीच्या गार्डाशी बोलून तिला गार्डाच्या डब्यात घेतलं, आपल्या घरची गादी आणवली आणि रोझबाईंना सोबत पाठवलं. नियमात ते बसत नव्हतं. आयुष्यात एकदाच त्या माणसानं नंबर मोडला असेल, आणि तो माझ्यासाठी. मुलगी झाली. दोघी वाचल्या.

आता गुलाबरावांकडे येतो. गुलाबराव मोठे बागाईतदार. सौंसरच्या बाजूला संत्र्याची बाग, पांढुर्ण्यात घर, पाच-पन्नास माणसांत वजन. राज्यांची फेररचना व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तेव्हा आमच्या भागात रोज नवी आवई उठे. कोणी म्हणे आपण नागपूरसोबत जाणार, कोणी म्हणे नागपूर जाईल आणि आपण इथेच राहू. त्याच सुमाराला मिशनरी लोक धर्मांतरं करवतात म्हणून ठिकठिकाणी विचारपूस चालली होती आणि कागद पुढे सरकायला ते एक कारण पुरेसं होतं.

दुपारी गुलाबराव माझ्या चटईपाशी आले. ते उकिडवे बसले नाहीत, शेजारच्या मुनशीची पेटी ओढून तिच्यावर बसले.

"मुनशीजी, एक अर्ज पाहिजे. त्या परेराच्या जागेवर माह्यी संत्र्याची पॅकिंग झाली असती. यार्डाच्या भिंतीले भिंत. दोनदा इचारलं, देत नाही म्हणते."

मी म्हटलं, "जागा त्यांची आहे. रजिस्ट्री झालेली आहे. अर्ज कशाचा करणार?"

"जागेचा नाही करायचा. धरमाचा करायचा. तो लोकाईले बाटवून राहिला, असं लिहा."

"कोणाला बाटवलं?"

"ते तुमी पाहा ना. लिहिणारे तुमी का मी?"

मी टाक पुसून पेटीवर ठेवला. तेव्हा ते जरा वाकून म्हणाले, "तुमच्या लायसनचं यंदा काय होते? ऐकतो का आता सारं हिंदीत होईन. मराठीवाले मुनशी किती ठेवतीन, कोनाले माहीत. साहेबासंग माह्या साळ्याचं उठणं-बसणं हाये."

मला भीती वाटली, हे खरं. दोन मुलं, म्हातारी आई आणि हातात ह्या टाकाशिवाय दुसरं काही नाही. पुष्कळ वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो की परवान्याच्या भीतीनं लिहिलं. पण आज सत्तरी ओलांडल्यावर ते अर्धंच खरं आहे असं लिहायला हवं. गुलाबराव पुढे म्हणाले, "असा लिहा का साहेब खुर्चीवरून उठला पाहिजे. तुमच्याबिगर हे दुसऱ्याच्यानं होत नाही." आणि मला ते आवडलं.

मी लिहायला घेतलं. गुलाबरावांकडे सांगण्यासारखं एक वाक्य होतं. त्या वाक्यानं साहेब उठला नसता, हे मला धंद्यामुळे ठाऊक होतं. अर्जाला तपशील लागतो. तपशील माझ्याकडे होता. मी लिहिलं, "सदर इसम आपल्या प्रार्थनागृहास हेतुपुरस्सर 'देऊळ' असे संबोधून अडाणी हिंदू जनतेची दिशाभूल करतो." पुढे लिहिलं, "औषधाच्या मिषाने लहान बालकांस गूळ देऊन आपल्या नादी लावतो." त्यातला शब्द न् शब्द जागच्या जागी होता. देऊळ म्हणत होते, गूळ देत होते. मी फक्त 'हेतुपुरस्सर' आणि 'मिषाने' हे दोन शब्द घातले.

नियमाप्रमाणे वाचून दाखवलं. गुलाबराव ऐकत राहिले. शेवटी मांडीवर थाप मारून म्हणाले, "वा! आता तं मले बी पटलं."

खाली 'समस्त नागरिक' घातलं. त्यांनी मागून अकरा सह्या-अंगठे गोळा केले. डाव्या कोपऱ्यात माझं नाव टाकायला टाक टेकवला तर त्यांनी कागदच ओढून घेतला. "राहू द्या. तुमचं नाव काहाले गुतवता?" मी राहू दिलं. परवाना मिळाल्यापासून माझ्या नावाशिवाय कचेरीत गेलेला तो पहिला अर्ज.

साहेब खरंच उठले. नाताळ दोन आठवड्यांवर आला असताना ते पांढुर्ण्याला चौकशीला गेले. मी त्या दिवशी मुद्दाम सौंसरलाच थांबलो. पुढचं मला रोझबाईंनी सांगितलं. साहेबांनी खोली पाहिली, बाप्तिस्म्याचं बुक चाळलं, गँगमनांना चार प्रश्न विचारले. परेराबाबूंनी गूळ देतो हे कबूल केलं, देऊळ म्हणतो हेही कबूल केलं. साहेब उठताना म्हणाले, "निकाल लागेपर्यंत हे बंद ठेवा. जागेवर माणसं जमवू नका." परेराबाबूंनी त्यांच्यासमोरच घरातून स्वतःचं कुलूप आणलं आणि दाराला लावलं. शेजारी कोणी म्हणालं, नाताळपर्यंत तरी उघडं ठेवायला मागायचं होतं. तर ते म्हणाले, "सिग्नल लाल असला की ड्रायव्हरनं कारण विचारायचं नसतं. थांबायचं असतं."

नाताळनंतर ते सौंसरला आले. मोटारीतून उतरून सरळ माझ्या चटईपाशी. हातात लेखी उत्तर मागणारी नोटीस आणि तिला जोडलेली अर्जाची नक्कल. नक्कल कचेरीच्या कारकुनाच्या हातची, माझं अक्षर त्यात कुठेच नव्हतं. मला मनातून हायसं वाटलं.

"मुनशीजी, हे मोठ्यानं वाचून दाखवा. चष्मा घरी राहिला."

त्यांच्या कोटाच्या खिशातून चष्म्याचं घर अर्धं बाहेर आलेलं होतं. मी ते पाहिलं आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं. मग मी वाचायला सुरुवात केली. स्वतः लिहिलेलं, त्याच माणसापुढे. 'देऊळ' ह्या शब्दापाशी आलो तसा त्यांनी माझ्या कागदावर हात ठेवला.

"थांबा. हे गावात कोणाला माहीत नाही. मी देऊळ म्हटलं की लोकांना वाटतं गावातल्याच एखाद्या देवळाबद्दल बोलतो. आई म्हणायची, आजी म्हणायची, हे मी तुम्हालाच सांगितलं होतं. तुम्ही हसला होता."

शेजारचा मुनशी कोणाचा तरी वारसाचा अर्ज वाचून दाखवत होता, त्याचा आवाज कानांवर पडत होता.

"कोणी लिहवून घेतलं, ते मला माहीत आहे," परेराबाबू म्हणाले. "त्यांना जागा पाहिजे. त्यांचं मला समजतं. तुमच्याकडून मला एकच पाहिजे. आत चला. साहेबाला सांगा की गूळ कशासाठी होता. तुम्हाला ठाऊक आहे, एवढंच सांगा."

"बाबू, माझा परवाना जाईल. नाव न टाकता लिहिलंय. पोराबाळांचं..." मी चाचरत म्हणालो. "तुमचं उत्तर मी असं लिहून देतो की साहेब..."

"लिहिणं नको. सांगणं पाहिजे."

मी मान खाली घातली आणि तशीच ठेवली. मग त्यांचा आवाज आला, थकलेला, पण रागाचा नव्हे. "बरं. मग लिहा. तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोणी लिहीत नाही."

मी उत्तर लिहिलं. चांगलं लिहिलं. खाली नाव आणि नंबरही टाकला. परेराबाबूंनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, सगळं नीट वाचलं आणि सही केली.

ह्यानंतर मी त्यांच्या ओट्यावर जाणं बंद करायला हवं होतं. पण रोझबाईंनी दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवला, चहाला का आला नाहीत? गेलो. त्या म्हणाल्या, "मुनशीजी, तुम्ही होतात म्हणून आम्हाला आधार." मी परेराबाबूंकडे बघितलं. ते अंगणातल्या मोगऱ्याला पाणी घालत होते. त्यांनी घरात काही सांगितलं नव्हतं.

पुढच्या वर्षी राज्यांची फेररचना झाली. नागपूर, आजवरची आमची राजधानी, पलीकडे मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. कागदपत्रांच्या पेट्या इकडून तिकडे जाऊ लागल्या. वरच्या कचेऱ्या बदलल्या, साहेब बदलले. परेराबाबूंचं प्रकरण वर पाठवलंय, एवढंच कळलं. कुठल्या गावी, ते कोणी सांगेना. मी दर दोन महिन्यांनी त्यांच्यासाठी स्मरणपत्र लिहीत होतो, 'निकाल लवकर देण्याची कृपा व्हावी.' आधी मराठीत, मग हिंदीत. उत्तर येत नव्हतं.

माणसं जागेवर जमवू नका, असा हुकूम होता. तेव्हा रविवारी गँगमनांची कुटुंबं भिंतीपलीकडे माल यार्डाच्या फलाटावर येऊन बसू लागली. ती रेल्वेची जागा. इकडे परेराबाबू स्वतःच्या ओट्यावर खुर्ची टाकून, बायको-मुलीसमोर मोठ्यानं वाचत. आवाज भिंतीपलीकडे जावा इतक्या मोठ्यानं. एका रविवारी मी यार्डातून जात होतो, तर ती माणसं संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांवर बसून, माना तिरक्या करून ऐकत होती. मध्येच मालगाडीचं शंटिंग सुरू झालं. परेराबाबू थांबले. गाडी गेल्यावर त्यांनी तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी पेट्यांच्या आडून निघून गेलो. कुलपाला दोन वर्षं होत आली त्या हिवाळ्यात त्यांचा आवाज भिंतीपलीकडे पोचेनासा झाला, तेव्हा फिलू वाचू लागली.

गुलाबरावांनी तोवर यार्डाच्या दुसऱ्या अंगाला जागा घेऊन पॅकिंग सुरूही केलं होतं. एकदा मोटारीत भेटले तर सहज म्हणाले, "त्या आपल्या अर्जाचं काय झालं हो मंग?" त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.

परेराबाबूंना त्या हिवाळ्यात दम्यानं धरलं. रोझबाई मला दारापर्यंत पोचवायला आल्या आणि म्हणाल्या, "उघडलेलं बघून जावं, एवढंच त्यांच्या मनात आहे." दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी मोटारीतून वाटेतल्या जामसांवलीला उतरलो, तिथल्या मारुतीपुढे उभा राहिलो. मागावं काय ते सुचेना, तसाच परत मोटारीत बसलो. आणि सोमवारी कचेरी उघडताच साहेबांच्या दालनात गेलो. हे नवे साहेब, हिंदी मुलखातून आलेले, तरुण. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. अर्ज मी लिहिला, नाव टाकलं नाही, मजकूर खोटा.

त्यांनी रीडरला, म्हणजे फायली सांभाळणाऱ्या कारकुनाला, बोलावून नोंदी पाहायला लावल्या. अर्ध्या तासानं रीडर रिकाम्या हातानं आला.

साहेब म्हणाले, "फाइल तो है नहीं. आपका बयान किस पर लगाऊँ?" मग म्हणाले, "बंद करने का हुक्म कहाँ है? उसकी नकल लाइए."

आणि मी तिथेच गार झालो.

हुकूम लेखी नव्हताच. आधीचे साहेब उठता उठता तोंडी बोलून गेले होते. कचेरीचा हुकूम निघाला की पहिल्याच दिवशी त्याच्या नकलेचा अर्ज करायचा, ही आमच्या धंद्यातली पहिली पायरी. सातवी नापास मुनशीसुद्धा ते चुकत नाही. नकलेचा अर्ज गेला असता तर हुकूमच नाही हे आठवड्यात उघड झालं असतं. दोन वर्षं मी निकालासाठी स्मरणपत्रं लिहिली आणि नक्कल एकदाही मागितली नाही. कारण नकलेसाठी मूळ फाइल बाहेर निघते, तिच्यात मूळ अर्ज असतो, आणि त्याच्यावर माझं अक्षर होतं. हे मी तेव्हा मनाशी असं स्पष्ट म्हटलं नव्हतं. पण हात बरोबर ते टाळत होता.

"हुक्म नहीं तो रोक भी नहीं," साहेब म्हणाले. "ताला किसका है? उन्हीं का? तो खोल लें."

दुपारच्याच मोटारीनं मी पांढुर्ण्याला आलो. परेराबाबू खाटेवर उशांना टेकून बसले होते, रोझबाई त्यांना पेज भरवत होत्या. मी आधी उघडायला हरकत नाही हे सांगितलं. रोझबाईंनी वाटी खाली ठेवून माझे दोन्ही हात धरले. त्यांनी हात धरले म्हणून मला राहवलं नाही आणि मी बाकीचंही बोलून गेलो. अर्जाचं. नकलेचं. सगळं.

त्यांनी हात सोडले नाहीत लगेच. आधी नवऱ्याकडे पाहिलं. परेराबाबूंनी मान डोलावल्यावर मग सोडले, आणि पदराला पुसले.

परेराबाबू मला म्हणाले, "तिला कशाला सांगितलंत? दोन वर्षं जपलं होतं मी. घरी येणारं एक तरी माणूस तिला आपलं वाटत होतं."

"मला माफ करा, बाबू," मी म्हणालो.

"मला जे हवं होतं ते तेव्हा हवं होतं," ते म्हणाले. एवढं बोलून त्यांना धाप लागली. फिलूनं खुंटीवरची किल्ली काढली आणि ती माझ्या बाजूनं बाहेर गेली. कुलूप गंजलं होतं, तेल सोडून उघडावं लागलं. आत वाळवीनं बाकं आणि प्रार्थनेची पुस्तकं खाल्ली होती. मी दारातून पाहिलं. आत या असं कोणी म्हटलं नाही.

फादर आले, एक मिस्सा, म्हणजे त्यांची सामुदायिक प्रार्थना, झाली. परेराबाबूंना खुर्चीत बसवून उचलून नेलं होतं, असं ऐकलं. पुढल्या महिन्यात ते गेले.

पांढुर्ण्याला त्यांच्या लोकांची दफनभूमी नव्हती. आपल्याच जागेत पुरायचं तर कचेरीची परवानगी हवी. सकाळच्या दुसऱ्या मोटारीनं फिलू आमल्याहून आलेल्या भावासोबत सौंसरला आली. मला बातमी पहिल्या मोटारीतच कळली होती आणि मी कागद काढून, मजकूर मनात जुळवून बसलो होतो. फिलू आवारात शिरली. तिनं मला पाहिलं. मी जागा करायला चटईवरचं सामान बाजूला घेतलं. ती माझ्यासमोरून चालत गेली आणि पारापलीकडे नुकताच परवाना मिळालेला एक मुनशी होता, त्याच्यापुढे जाऊन बसली. त्याचं अक्षर वाईट होतं, शुद्धलेखन त्याहून वाईट. तो अर्ज रीडरनं पुढे मला दाखवला. चार ओळींचा होता. वडील वारले, आमच्या जागेत पुरायचे आहे, परवानगी द्यावी. तासाभरात मंजूर झाला.

भाऊ-बहीण मंजुरीचा कागद घेऊन बाहेर आली तेव्हा मी उठून उभा राहिलो. कित्येक वर्षं आमल्यालाच असलेल्या भावानं मला ओळखलं नाही. त्यानं विचारलं, "पांढुर्ण्याची मोटार कुठून सुटते हो?"

मी सांगितलं. ती दोघं त्या मोटारीनं गेली. मी संध्याकाळच्या मोटारीची वाट पाहत बसलो, म्हणजे पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असेल.